हवेतील साक्ष : अणुचाचणी, विमाने आणि किरणोत्सारी नमुने

कझाखस्तानातील ओसाड गवताळ प्रदेशात किंवा चीनमधील लोप नोरच्या वाळवंटात अणुस्फोट झाला, तर त्याची धूळ दिल्लीत पहाडगंजातील एखाद्या घराच्या गच्चीवर येऊन पडू शकेल काय? विसाव्या शतकाच्या सहाव्या आणि सातव्या दशकांत या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी होते. १९४५ पासून जगात दोन हजारांहून अधिक अणुचाचण्या झाल्या व त्यांपैकी पाचशेहून अधिक खुल्या वातावरणात करण्यात आल्या. त्यांतून उधळलेली द्रव्ये वाऱ्याबरोबर खंडोखंडी पसरली. ती मानवाच्या आरोग्यास अपायकारक होती. तथापि तीच द्रव्ये स्फोट कोणी, केव्हा व कोणत्या पद्धतीने घडवला याचा पुरावाही होती. हा पुरावा विमानांच्या साहाय्याने आकाशातून कसा गोळा केला जातो, त्याचे वाचन कसे होते आणि भारताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कोणते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि आपत्ती व्यवस्थापन या चारही अभ्यासघटकांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

स्फोटातून काय बाहेर पडते?

युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम-२३९ यांच्या अणुकेंद्राचे विखंडन झाले म्हणजे त्याचे दोन लहान तुकडे होतात. हे तुकडे दर वेळी सारखेच नसतात. त्यांतून आयोडिन, बेरियम, झिर्कोनियम, सेरियम, स्ट्रॉन्शियम, सीझियम, झेनॉन, क्रिप्टॉन अशा अनेक मूलद्रव्यांचे किरणोत्सारी समस्थानिक निर्माण होतात. यांखेरीज विखंडनात भाग न घेता उरलेले मूळ इंधन आणि अस्त्राच्या आवरणातील धातू हेही स्फोटाच्या उष्णतेने वायुरूप होतात. अग्निगोल थंड होऊ लागला की ही वाफ घनरूप होऊन तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. स्फोट जमिनीलगत झाला असेल तर हे कण मातीच्या धुळीस चिकटतात.

मोठे कण काही तासांत स्फोटस्थळाच्या परिसरात खाली येतात. मध्यम कण तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, वाऱ्याबरोबर वाहत राहतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. मोठ्या शक्तीच्या स्फोटांतील सूक्ष्म कण थेट स्थितांबरात पोहोचतात. तेथे पाऊस नसल्यामुळे ते दीर्घकाळ तरंगत राहतात व पुढे सर्व गोलार्धावर थोडे थोडे पडत जातात. या सर्व प्रक्रियेस किरणोत्सारी अवपात असे म्हणतात. विमानाने नमुने घेण्याची पद्धत प्रामुख्याने तपांबरातील आणि स्थितांबराच्या खालच्या भागातील कणांवर आधारलेली आहे.

३ सप्टेंबर १९४९

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सोव्हिएत संघाच्या पहिल्या अणुचाचणीचे आहे. सोव्हिएत संघाने २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपालातिन्स्क येथे आपला पहिला अणुस्फोट घडवला आणि त्याविषयी संपूर्ण मौन पाळले. अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार सोव्हिएत अणुबाँब १९५३ च्या मध्याच्या सुमारास तयार होण्याची शक्यता अधिक होती. मात्र असा स्फोट झाल्यास तो दुरून ओळखता यावा यासाठी अमेरिकेने १९४७ पासूनच यंत्रणा उभारण्यास प्रारंभ केला होता. हवामान निरीक्षणासाठी उड्डाण करणाऱ्या विमानांवर गाळणकागद बसवणे हा त्या यंत्रणेचा मुख्य भाग होता.

३ सप्टेंबर १९४९ रोजी जपानहून अलास्काकडे निघालेल्या डब्ल्यूबी-२९ जातीच्या विमानाने कामचात्का द्वीपकल्पाच्या पूर्वेस, सुमारे १८,००० फूट म्हणजे अंदाजे ५,५०० मीटर उंचीवर, तीन तास एक गाळणकागद हवेत उघडा ठेवला. विमान उतरल्यानंतर कागदाची किरणोत्सारिता मिनिटाला ८५ गणना इतकी भरली. मिनिटाला ५० गणनांपेक्षा अधिक नोंद झाल्यास इशारा द्यावा असा नियम होता. दुसऱ्या कागदावर हा आकडा १५३ आढळला. नंतरच्या दिवसांत अनेक उड्डाणे झाली. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांनीही उत्तर अटलांटिकवरून नमुने आणले, तर अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी पावसाचे पाणी तपासले. रासायनिक पृथक्करणावरून विखंडनाची द्रव्ये ताजी असल्याचे व स्फोट ऑगस्टच्या अखेरीस झाल्याचे निश्चित झाले. २३ सप्टेंबर १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ही वार्ता जाहीर केली. ज्या राष्ट्राने चाचणी केली त्याने ती सांगितली नव्हती. प्रतिस्पर्ध्याने ती वाऱ्यातून वाचली होती.

नमुना घेण्याची रीत

या कामाचे तत्त्व साधे आहे. विमानाच्या बाहेरील अंगावर एक पोकळ कोष बसवलेला असतो. उड्डाणाच्या वेगामुळे हवा त्यात जोराने शिरते व आतील गोलाकार गाळणकागदातून पार होते. हवा निघून जाते आणि कण कागदाच्या तंतूंत अडकतात. ठरावीक वेळाने कागद बदलला जातो व प्रत्येक कागदावर वेळ, उंची आणि स्थान यांची नोंद केली जाते. ही नोंद नसेल तर कागदावरील किरणोत्सारितेस पुराव्याचे मोल उरत नाही. झेनॉन किंवा क्रिप्टॉन यांसारखे वायू कागदात अडकत नाहीत. त्यांच्यासाठी हवा दाबाखाली गोलाकार टाक्यांत भरून आणावी लागते.

भूपृष्ठावरील केंद्र वाऱ्याची वाट पाहत एका जागी थांबलेले असते, तर विमान वाऱ्याचा पाठलाग करू शकते. हवामानशास्त्रज्ञ निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांच्या दिशेवरून ढगाचा मार्ग काढतात आणि विमान त्या मार्गावर, त्या थरात पाठवले जाते. अल्पायुषी समस्थानिक नष्ट होण्यापूर्वीच नमुना हाती येतो, हा याचा सर्वांत मोठा लाभ होय. याला एक कायदेशीर मर्यादाही आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूमीवरील व प्रादेशिक समुद्रावरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते. त्यामुळे अशी विमाने सामान्यतः खुल्या समुद्रावरील आंतरराष्ट्रीय आकाशातच उडतात. वारा सीमा ओलांडून आला तरच त्यांच्या हाती काही लागते.

या कामाची किंमत माणसांनीही मोजली आहे. १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनेवेटाक प्रवाळद्वीपावर अमेरिकेने ‘माइक’ ही पहिली मोठी हायड्रोजन चाचणी केली. तिच्या ढगातून नमुने आणण्यास गेलेले वैमानिक कॅप्टन जिमी रॉबिन्सन परत येताना इंधन संपल्यामुळे समुद्रात कोसळून मृत्युमुखी पडले. १९५३ च्या ऑक्टोबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील एमू फील्ड येथील ब्रिटिश चाचणीनंतर ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाची लिंकन विमाने ढगात पाठवण्यात आली. त्यांतील कर्मचाऱ्यांना पुरेशी संरक्षणसाधने देण्यात आली नव्हती आणि विमाने दूषित झाली. १९८५ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने या प्रकाराची दखल घेतली.

प्रयोगशाळेतील घड्याळ

गाळणकागदावरून स्फोटाचा दिवस कसा कळतो? याचे उत्तर अर्धायुष्याच्या संकल्पनेत आहे. किरणोत्सारी द्रव्याची मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. झेनॉन-१३३ चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच दिवस, आयोडिन-१३१ चे आठ दिवस, बेरियम-१४० चे सुमारे १२.८ दिवस, झिर्कोनियम-९५ चे सुमारे ६४ दिवस, तर स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९ वर्षे आणि सीझियम-१३७ चे ३० वर्षे आहे.

बेरियम-१४० आणि झिर्कोनियम-९५ ही जोडी उदाहरणादाखल घेऊ. स्फोटाच्या क्षणी दोहोंच्या मात्रांचे जे गुणोत्तर असेल ते १ मानले, तर १२.८ दिवसांनी बेरियम निम्मे होईल. झिर्कोनियम मात्र सुमारे ८७ टक्के शिल्लक असेल. गुणोत्तर ०.५७ च्या आसपास येईल. ६४ दिवसांनी बेरियमची पाच अर्धायुष्ये संपून त्याचा ३२ वा भाग उरेल, तर झिर्कोनियम निम्मे राहील. गुणोत्तर १/१६ इतके होईल. प्रयोगशाळेत गुणोत्तर मोजले की याच गणिताने मागे जाऊन स्फोटाची तारीख काढता येते. यात एकूण किती धूळ सापडली याला महत्त्व नसते. ढग वाटेत कितीही विरळ झाला तरी दोन्ही घटक एकाच कणावर असल्यास त्यांचे गुणोत्तर टिकून राहते. प्रत्यक्षात काही मूलद्रव्ये लवकर घनरूप होतात व काही उशिरा, त्यामुळे कणांच्या आकारानुसार त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून एकाच जोडीवर विसंबून न राहता अनेक जोड्या तपासून निष्कर्ष काढला जातो.

हीच तपासणी स्फोट आणि अणुभट्टीतील अपघात यांतील भेदही सांगते. अणुभट्टीत विखंडन महिनोन्‌महिने चालू असल्याने दीर्घायुषी द्रव्ये साठत जातात. स्फोटात सर्व द्रव्ये एकाच क्षणी जन्मास येतात. १९८६ चा चेर्नोबिल व २०११ चा फुकुशिमा हे अपघात घडल्यानंतरही नमुने घेणारी विमाने पाठवण्यात आली होती, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

रक्षेतून रचनेकडे

तारखेपेक्षाही मोठे गुपित रक्षेत दडलेले असते आणि ते म्हणजे अस्त्राची रचना. ‘माइक’ चाचणीच्या ढगातून विमानांनी आणलेल्या गाळणकागदांचे पृथक्करण करताना अमेरिकी शास्त्रज्ञांना ९९ व १०० अणुक्रमांकांची दोन नवी मूलद्रव्ये आढळली. त्यांनाच पुढे आइन्स्टाइनियम आणि फर्मियम अशी नावे देण्यात आली. युरेनियमच्या एकेका अणुकेंद्राने एका क्षणात पंधरा-सतरा न्यूट्रॉन शोषल्याखेरीज ही मूलद्रव्ये तयार होणे शक्य नव्हते. स्फोटातील न्यूट्रॉनांचा पूर किती प्रचंड होता याची ती साक्ष होती.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर झालेल्या ‘ब्राव्हो’ चाचणीची शक्ती सुमारे १५ मेगाटन होती. तिच्या रक्षेचा वर्षाव मार्शल बेटांतील रहिवाशांवर आणि ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवर झाला. या नौकेवरील रक्षेत जपानी शास्त्रज्ञांना युरेनियम-२३७ हा समस्थानिक सापडला. वेगवान न्यूट्रॉन युरेनियम-२३८ वर आदळले म्हणजे तो तयार होतो. यावरून संमीलनातून निघालेल्या न्यूट्रॉनांनी बाहेरील साध्या युरेनियमचेही विखंडन घडवल्याचे व स्फोटाची किरणोत्सारी घाण त्यामुळेच वाढल्याचे जगापुढे आले.

भारताच्या शेजारचे उदाहरण १६ ऑक्टोबर १९६४ चे आहे. त्या दिवशी चीनने लोप नोर येथे पहिली चाचणी केली. चीन प्लुटोनियमचे अस्त्र वापरील असा पाश्चात्त्य तज्ज्ञांचा कयास होता. हवेतून मिळालेल्या नमुन्यांत मात्र युरेनियम-२३५ आढळले. याचा अर्थ, युरेनियमच्या समृद्धीकरणाचे अवघड तंत्र चीनने अपेक्षेपूर्वीच आत्मसात केले होते. चाचणीची बातमी सर्वांनाच मिळाली होती, पण तिचा खरा आशय गाळणकागद हाती असणाऱ्यांनाच ठाऊक झाला.

दिल्लीत सिद्ध झालेला ग्रंथ

अशा विमानांचा ताफा भारताजवळ नव्हता. मात्र अवपाताच्या प्रश्नाकडे भारताने आरंभापासूनच गांभीर्याने पाहिले. ‘ब्राव्हो’ चाचणीनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत चाचण्या थांबवण्यासंबंधी ‘जैसे थे’ कराराची सूचना मांडली. चाचण्यांवर बंदी घालण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा तो एक प्रारंभबिंदू मानला जातो.

नेहरूंच्या सूचनेवरून अणुस्फोटांच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेण्यात आला. ही जबाबदारी संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी पार पाडली. डॉ. होमी भाभा आणि मुंबईचे ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे साहाय्य त्यांना लाभले. ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हा ग्रंथ १९५६ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने दिल्लीत प्रसिद्ध केला. अवपाताची माहिती अनेक राष्ट्रांत गोपनीय राखली जात असता भारताने ती सामान्य वाचकाच्या हाती दिली. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांस कोठारी हे नाव आणखी एका कारणाने परिचित असेल. नागरी सेवा परीक्षेची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत ही १९७९ पासूनची त्रिस्तरीय रचना त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेली आहे.

३ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने अणुप्रारणाच्या परिणामांविषयी पंधरा सदस्य राष्ट्रांची वैज्ञानिक समिती नेमली. भारत तिचा संस्थापक सदस्य होता आणि खानोलकरांनी तेथे देशाचे प्रतिनिधित्व केले. समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात अणुऊर्जा विभागाने सहाव्या दशकाच्या उत्तरार्धापासून हवा, पाऊस व दूध यांतील किरणोत्सारितेचे मापन सुरू केले. तुर्भे येथील संस्थेच्या, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, देखरेखीखाली मुंबई, दिल्ली, नागपूर, कोलकाता, बेंगळुरू, श्रीनगर आदी ठिकाणी नमुने घेतले जात. येथील गाळणकागद विमानावर नसून जमिनीवरील पंपास जोडलेला असे. तत्त्व मात्र तेच होते.

या मापनाचा संबंध सामान्य कुटुंबाशी थेट होता. स्ट्रॉन्शियम-९० हे रासायनिक गुणधर्माने कॅल्शियमसारखे असते. पावसातून ते गवतावर, गवतातून गाईम्हशींच्या दुधात आणि दुधातून वाढत्या मुलांच्या हाडांत जाते. आयोडिन-१३१ कंठग्रंथीत साठते. नूतन मराठी शाळेमुळे मराठी वाचकांस परिचित असलेले पहाडगंज असो वा नागपुरातील एखादी वस्ती असो, तेथील बालकाच्या पेल्यातील दुधाचा दूरच्या वाळवंटातील चाचणीशी असा संबंध जुळत होता. त्या चाचणीस त्याच्या देशाची संमती नव्हती, इतकेच काय, तिची पूर्वसूचनाही नव्हती. अवपाताचा प्रश्न मूलतः न्यायाचाही प्रश्न होता, तो यामुळेच.

१९६३ चा करार : धूळ हाच निकष

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदी करार झाला. भारताने ८ ऑगस्ट १९६३ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. १० ऑक्टोबर १९६३ पासून तो अमलात आला. वातावरणात, बाह्य अवकाशात व पाण्याखाली चाचणी करण्यास या कराराने मनाई केली. भूमिगत चाचणीस मात्र मुभा राहिली. विद्यार्थ्यांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. भूमिगत चाचणीतील किरणोत्सारी अवशेष चाचणी करणाऱ्या राष्ट्राच्या हद्दीबाहेर आढळले, तर तीही कराराचा भंग ठरते. म्हणजे सीमेबाहेरच्या हवेत सापडलेला कण हा विज्ञानाबरोबरच कायद्याचाही विषय झाला. तथापि या करारात तपासणीची कोणतीही सामाईक यंत्रणा नव्हती. ज्या राष्ट्राकडे विमाने व प्रयोगशाळा होत्या, तेच राष्ट्र दुसऱ्याच्या वर्तनाची पडताळणी करू शकत होते. फ्रान्स आणि चीन या करारात सहभागी झाले नाहीत. वातावरणातील शेवटची चाचणी चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केली.

पोखरण आणि खडकातील नमुने

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने केलेला स्फोट जमिनीखाली सुमारे १०७ मीटर खोलीवर घडवण्यात आला. ११ आणि १३ मे १९९८ रोजीच्या पाच चाचण्याही भूमिगत होत्या. १९९८ च्या चाचण्यांतून वातावरणात किरणोत्सारी द्रव्ये सुटली नसल्याचे सरकारने लगेच जाहीर केले. वर उल्लेखिलेल्या कराराच्या पार्श्वभूमीवर या निवेदनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

स्फोट पूर्णपणे बंदिस्त राहिला तर विमानास काहीच सापडत नाही. मग नमुना खडकातून काढावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ च्या औष्णिक-आण्विक चाचणीच्या स्थळी वेधन करून खडकाचे नमुने मिळवले आणि त्यांतील किरणोत्सारी द्रव्यांचे विश्लेषण १९९९ मध्ये केंद्राच्या वार्तापत्रात प्रसिद्ध केले. विखंडनातून निर्माण होणाऱ्या सेरियम-१४४ बरोबरच वेगवान न्यूट्रॉनांमुळे तयार होणाऱ्या मँगनीज-५४ आणि सोडियम-२२ यांचे मापन त्यात होते. या गुणोत्तरांवरून विखंडन व संमीलन यांचा वाटा काढण्यात आला. चाचणीच्या शक्तीविषयी परदेशांतील भूकंपमापन तज्ज्ञांनी शंका व्यक्त केल्या असताना भारतीय शास्त्रज्ञांनी आपली बाजू मांडण्यासाठी या मापनांचा आधार घेतला.

हवेतील नमुना नेहमीच निर्णायक असतो, असे मात्र समजू नये. ३० मे १९९८ च्या पाकिस्तानी चाचणीनंतर मिळालेल्या एका हवेच्या नमुन्यात प्लुटोनियम आढळल्याची वार्ता १९९९ च्या प्रारंभी अमेरिकी वृत्तपत्रांत आली. परंतु त्या निष्कर्षाबाबत अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळांतच मतभेद झाले आणि प्रश्न अनिर्णीत राहिला. अत्यल्प मात्रेच्या नमुन्यात बाहेरील द्रव्य मिसळण्याचा धोका असतो. नमुना एकच असेल तर फेरतपासणीही अवघड होते.

जमिनीतून झिरपणारे वायू

भूमिगत चाचणीत घन कण खडकातच अडकून राहिले, तरी झेनॉनसारखे निष्क्रिय वायू कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाहीत. भेगांतून ते हळूहळू वर झिरपतात. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी केलेल्या पहिल्या चाचणीनंतर अमेरिकेने विमान पाठवले. ११ ऑक्टोबर रोजी घेतलेल्या हवेच्या नमुन्यांत किरणोत्सारी अवशेष सापडले असून स्फोटाची शक्ती एक किलोटनाहून कमी होती, असे १६ ऑक्टोबर रोजी अमेरिकेने अधिकृतपणे सांगितले. कॅनडातील येलोनाइफ केंद्रातही झेनॉन-१३३ ची नोंद झाली. भूकंपमापनाने धक्का कळला होता; तो अण्वस्त्राचाच होता हे वायूने सिद्ध केले.

याउलट २००९ च्या चाचणीनंतर कोठेही किरणोत्सारी वायू आढळला नाही. फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीनंतर सुमारे ५५ दिवसांनी जपानमधील ताकासाकी केंद्रात झेनॉन सापडला. या काळात झेनॉन-१३३ ची दहाहून अधिक अर्धायुष्ये उलटून त्याचा सुमारे चौदाशेवा भाग उरलेला असतो. तेवढा अंशही ओळखता आला, यावरून आधुनिक उपकरणांच्या संवेदनक्षमतेची कल्पना येते. विमानांचे कार्य आजही संपलेले नाही. अमेरिकी हवाई दलाने २०२२ आणि २०२३ या वर्षांत जुन्या विमानांच्या जागी डब्ल्यूसी-१३५आर ही तीन विमाने दाखल करून घेतली.

सामाईक यंत्रणा आणि भारत

सर्वंकष चाचणीबंदी करार २४ सप्टेंबर १९९६ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झाला. त्याच्या जागतिक निरीक्षण यंत्रणेच्या आराखड्यात ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा अंतर्भूत आहेत. यांत भूकंपमापनाची १७०, सागरी ध्वनीची ११, अवश्राव्य ध्वनीची ६० आणि किरणोत्सारी द्रव्यांची ८० केंद्रे असून या ८० पैकी ४० केंद्रांत निष्क्रिय वायूंचे मापन करण्याची योजना आहे. एका राष्ट्राच्या विमानाने गोळा केलेली माहिती त्या राष्ट्राच्या मर्जीनुसार जाहीर होते किंवा दडवली जाते. या यंत्रणेची माहिती मात्र सर्व सहभागी राष्ट्रांस उपलब्ध होते.

हा करार अद्याप अमलात आलेला नाही. परिशिष्टात नमूद केलेल्या ४४ राष्ट्रांचे अनुसमर्थन त्यासाठी आवश्यक असून त्यांपैकी नऊ राष्ट्रांचे अनुसमर्थन आज उपलब्ध नाही. अमेरिका आणि चीन यांनी स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन दिले नाही. रशियाने २०२३ मध्ये आपले अनुसमर्थन मागे घेतले. भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी स्वाक्षरीच केलेली नाही. कालबद्ध अण्वस्त्र निर्मूलनाची हमी करारात नाही व राष्ट्रीय सुरक्षेच्या गरजा त्यात विचारात घेतलेल्या नाहीत, ही भारताची १९९६ मधील भूमिका होती. १९९८ पासून भारताने पुढील चाचण्यांवर स्वेच्छेने स्थगिती पाळली आहे. १९५४ मध्ये चाचण्या थांबवण्याची हाक देणाऱ्या राष्ट्राने १९९६ मध्ये करारापासून दूर राहणे, यात विरोधाभास आहे की सातत्य, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू अभ्यासून स्वतः करावा.

आपत्तीच्या वेळी

हवेतील किरणोत्सारितेचे मापन आज आपत्ती व्यवस्थापनाचेही अंग झाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पर्यावरणीय प्रारणाचे निरीक्षण करणारे देशव्यापी जाळे उभारले असून हेलिकॉप्टरवरून जमिनीवरील गॅमा किरणांचे मापन करणारी प्रणालीही विकसित केली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आण्विक व किरणोत्सारी आणीबाणीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

पुढच्याच वर्षी दिल्लीत त्यांची गरज भासली. एप्रिल २०१० मध्ये मायापुरी येथील भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले. अनेक कामगारांना प्रारणाची बाधा झाली व एकाचा मृत्यू ओढवला. ते उपकरण दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले असल्याचे तपासात आढळले. येथे धूळ आकाशात गेली नव्हती. तज्ज्ञांना हातातील मापक घेऊन दुकानादुकानांतून फिरावे लागले. मायापुरीपासून काही किलोमीटरवरील पहाडगंजासारख्या दाट वस्तीत असे घडले असते तर लोकांना किती लवकर सावध करता आले असते, हा प्रश्न प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगा आहे.

समारोप

किरणोत्सारी कण एकाच वेळी अपायकारक द्रव्य व पुरावा असतो. १९४९ मध्ये पुरावा म्हणून त्याचे वाचन करण्याचे सामर्थ्य मोजक्या राष्ट्रांच्या विमानांपुरते मर्यादित होते, तर अपाय मात्र सर्वांच्या वाट्यास येत होता. पुढील काळात हे अंतर काही अंशी कमी झाले. शास्त्रीय समित्या, प्रसिद्ध झालेले ग्रंथ, जमिनीवरील मापन केंद्रे आणि सामाईक निरीक्षण यंत्रणा यांचा त्यात वाटा आहे. भविष्यात एखाद्या चाचणीची वार्ता आली की विद्यार्थ्यांनी चार गोष्टी तपासाव्यात : कोणता समस्थानिक सापडला, स्फोटानंतर किती दिवसांनी सापडला, नमुना कोणी व कोठे घेतला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने त्यास दुजोरा दिला काय. या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही राष्ट्राचा दावा किंवा इन्कार अंतिम मानणे योग्य ठरणार नाही.